भाड्यावाचून बिऱ्हाड : छोट्या संकेतस्थळासाठी मोफत जागेची निवड

१९५४ साली राजधानी दिल्लीत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्यानंतर हे संमेलन पुन्हा दिल्लीत आले ते २०२५च्या फेब्रुवारीत. तालकटोरा स्टेडियममध्ये तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली. पहिल्या संमेलनाचे एखादे छापील पत्रक कोणी कपाटात जपून ठेवले असेल, तर ते आजही बाहेर काढून वाचता येईल. कपाटाच्या मालकास त्यासाठी कोणाची अनुमती घ्यावी लागणार नाही. दुसऱ्या संमेलनासंबंधी जे लिहिले गेले, जी छायाचित्रे काढली गेली, त्यांचा फार मोठा भाग इंटरनेटवर आहे. आणि ज्या यंत्रांवर तो साठविलेला आहे, ती यंत्रे लिहिणाऱ्यांच्या मालकीची नाहीत. आणखी सत्तर वर्षांनी त्यांतील काय उरेल, हे बऱ्याच अंशी आज आपण जागेची निवड कशी करतो ह्यावर अवलंबून आहे.

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद ह्या परिसरातील एखादे मराठी मंडळ, एखादी शाळा किंवा वाचनालय आपले संकेतस्थळ काढावयाचे ठरविते, तेव्हा पहिला प्रश्न पैशांचा निघतो. कार्यकारिणीतील कोणीतरी तरुण सभासद सांगतो की, ही जागा फुकट मिळते. त्याचे म्हणणे खरेच असते. परंतु फुकट मिळणाऱ्या जागा अनेक प्रकारच्या आहेत, आणि त्यांच्या अटी सारख्या नाहीत. ह्या पुस्तिकेत त्या अटींचा विचार करावयाचा आहे.

संकेतस्थळ राहते कोठे?

समजा, करोलबागेतील एका वाचकाने आपल्या भ्रमणध्वनीवर मंडळाच्या संकेतस्थळाचे नाव टाइप केले. यंत्राला नावे कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून प्रथम नावनोंदणीच्या यंत्रणेकडे विचारणा होते आणि त्या नावामागचा आकडी पत्ता मिळतो. तो पत्ता सर्व्हर नावाच्या संगणकाचा असतो. हा संगणक रात्रंदिवस चालू असतो. मागणी येताच मजकुराच्या व चित्रांच्या फायली तो वाचकाकडे पाठवितो. आपल्या फायली अशा संगणकावर ठेवून घेण्याच्या सेवेला होस्टिंग असे म्हणतात. ह्यात दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे वाचकाने ध्यानात धरावे : एक नाव आणि दुसरी जागा. घराच्या दारावरची पाटी आणि घर ह्या जशा वेगळ्या गोष्टी आहेत, तशाच ह्याही. पुढील सारे विवेचन ह्या एका भेदावर उभे आहे.

फायलींचा प्रवास किती लांबचा होतो, हेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी भारतातील दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधील दळणवळणसुद्धा कित्येकदा परदेशांतून फिरून येत असे. हा वळसा टळावा म्हणून २००३ साली नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिच्या नोएडा येथील केंद्रात निरनिराळ्या कंपन्या आपसांत देवाणघेवाण करतात. आता तर काही होस्टिंग कंपन्या आपल्या ग्राहकांच्या पानांच्या प्रती अनेक शहरांत ठेवतात. क्लाउडफ्लेअर ह्या कंपनीने २०१५ साली दिल्ली, मुंबई आणि चेन्नई येथे अशी ठाणी उघडली. पान लिहिणारा कोठेही असो, करोलबागेतील वाचकाला ते दिल्लीतूनच मिळू शकते.

झाडलोट कोणी करावयाची?

सर्व्हर चालविणे हे कष्टाचे काम आहे. त्यावरील आज्ञावल्या वेळोवेळी अद्ययावत कराव्या लागतात, चोरट्यांचे हल्ले परतवावे लागतात, वाचकाशी होणारे दळणवळण गुप्त राहावे म्हणून लागणारे प्रमाणपत्र मुदत संपण्यापूर्वी नवे करावे लागते. हे सारे काम जेथे जागा देणाराच करतो आणि आपण केवळ मजकूर पुरवितो, त्या व्यवस्थेला व्यवस्थापित होस्टिंग म्हणतात. पाणी, दिवाबत्ती आणि पहारा ह्यांसह मिळणाऱ्या बिऱ्हाडासारखे ते असते.

ह्याचे मोठे उदाहरण दिल्लीतच आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजेच एनआयसीचे, मुख्य कार्यालय लोधी रोडवर आहे. ह्या केंद्राने एस-थ्री-वास नावाची यंत्रणा उभारली असून पुणे-नागपुरासकट देशातील अनेक जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळे तीवर चालतात. जिल्हा कार्यालयातील कर्मचाऱ्याने सूचना, निविदा आणि छायाचित्रे भरावीत; सुरक्षिततेची काळजी केंद्राने वाहावी, अशी ही वाटणी आहे. पूर्वी प्रत्येक जिल्ह्याने आपापले स्थळ आपापल्या परीने बांधावयाचे आणि पुढे ते ओस पडावयाचे, असे पुष्कळ ठिकाणी घडे. तथापि ही सेवा शासकीय कार्यालयांसाठी आहे. मंडळाला किंवा खासगी वाचनालयाला तिचे दार बंद आहे. त्यांना खासगी कंपन्यांकडेच जावे लागते.

खासगी मोफत जागांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात लिहिण्याची सोय आणि जागा एकत्र मिळतात. १९९९ साली सुरू झालेले आणि २००३ साली गूगलने विकत घेतलेले ब्लॉगर, तसेच २००५ सालापासूनचे वर्डप्रेस डॉट कॉम ही ह्या वर्गातील प्रसिद्ध नावे. खाते उघडावे, चौकटीत मजकूर लिहावा, बटण दाबावे, झाले. ज्यांना संगणकाचे विशेष ज्ञान नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग निःसंशय सोयीचा आहे. दुसऱ्या वर्गात आपण तयार पाने द्यावयाची आणि कंपनीने ती जशीच्या तशी वाटावयाची, असा व्यवहार असतो. गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस ही ह्या वर्गातील उदाहरणे.

ह्या दुसऱ्या वर्गातील पानांना स्थिर पाने म्हणतात. छापखान्यातून छापून आणलेली पत्रके दाराशी ठेवून द्यावीत आणि येणाऱ्याने एकेक उचलावे, तसा हा प्रकार आहे. उलट काही स्थळांवर प्रत्येक मागणीला पान नव्याने रचले जाते. अशा चल पानांसाठी सर्व्हरवर आज्ञावली सतत जागी ठेवावी लागते आणि ते महाग पडते. म्हणून रेंडरसारख्या सेवेच्या मोफत योजनेत पंधरा मिनिटे कोणी फिरकले नाही तर आज्ञावलीला निजविण्यात येते. पुढच्या वाचकाला ती जागी होईपर्यंत मिनिटभर थांबावे लागते. मंडळाचे कार्यक्रम, वाचनालयाची वेळ, शाळेचे हस्तलिखित मासिक ह्यांसाठी चल पानांची गरज क्वचितच असते. स्थिर पाने पुरेशी आहेत, आणि मोफत जागांत तीच सर्वांत टिकाऊ ठरतात, असे आमचे मत आहे. पान मोडण्यासारखे त्यात काही नसतेच.

मोफत म्हणजे किती?

कोणतीही कंपनी धर्मादाय म्हणून यंत्रे चालवीत नाही. वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत योजनेत आपल्या लेखांशेजारी त्यांच्या जाहिराती दिसतात आणि स्वतःचे नाव लावावयाचे तर पैसे मोजावे लागतात. ब्लॉगर मात्र स्वतःचे नाव विनामूल्य लावू देते. क्लाउडफ्लेअर वा गिटहब यांना आजचा हौशी माणूस उद्याचा पैसे देणारा ग्राहक म्हणून हवा असतो. व्हर्सेल नावाच्या कंपनीची मोफत योजना केवळ वैयक्तिक आणि बिगरव्यापारी उपयोगासाठी आहे. ज्या मंडळाला स्मरणिकेच्या जाहिराती किंवा देणग्या स्थळावरून मिळवावयाच्या आहेत, त्याने तेथे जाण्यापूर्वी नियम नीट वाचावेत.

मर्यादांचा हिशेब करणे कठीण नाही. युनिकोड पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह साठविण्यास तीन बाइट लागतात. दीड हजार शब्दांच्या मराठी लेखात सुमारे दहा हजार चिन्हे धरली, तर लेखाचा आकार ३० किलोबाइटच्या आसपास होतो. गिटहब पेजेसवर स्थळाचा एकूण आकार १ गिगाबाइटपर्यंत चालतो. म्हणजे नुसता मजकूर असेल तर तीस हजारांवर लेख मावतील. एवढे लिहिणारे मंडळ अद्यापि निघावयाचे आहे! अडचण होते ती छायाचित्रांची. गणेशोत्सवाची २०० छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून थेट चढविली आणि प्रत्येक ५ मेगाबाइटचे असले, तर तेवढ्यानेच तो गिगाबाइट संपतो. तीच छायाचित्रे पडद्यापुरती लहान करून २०० किलोबाइटांवर आणली, तर सारी मिळून ४० मेगाबाइट होतात.

दुसरी मर्यादा वाहतुकीची. गिटहब पेजेसवर महिन्याला १०० गिगाबाइट वाहतूक हे साधारण प्रमाण सांगितलेले आहे. चित्रांसह एक पान १ मेगाबाइटचे धरले, तर महिन्यात एक लाख वेळा ते पाहिले जाऊ शकेल. क्लाउडफ्लेअर पेजेस स्थिर पानांच्या वाहतुकीला मर्यादा घालीत नाही. पण तेथे एक फाइल २५ मेगाबाइटपेक्षा मोठी चालत नाही. मंडळाची ४० मेगाबाइटची रंगीत स्मरणिका तेथे चढणारच नाही. गिटहबवर चढेल, कारण तेथील मर्यादा १०० मेगाबाइटची आहे. तेव्हा ‘सर्वांत चांगली जागा कोणती’ ह्या प्रश्नाला, आपल्याला काय ठेवावयाचे आहे हे ठरविल्यावाचून उत्तर देता येत नाही.

मर्यादा ओलांडली तर काय होते, हा प्रश्न मात्र पुष्कळजण विचारीतच नाहीत. काही ठिकाणी स्थळ महिनाअखेरपर्यंत बंद पडते. ते गैरसोयीचे असले तरी निरुपद्रवी आहे. काही ठिकाणी बिल येते. २०२४च्या फेब्रुवारीत नेट्लिफाय ह्या कंपनीच्या मोफत योजनेतील एका साध्या स्थिर स्थळाच्या मालकाला सुमारे १ लाख ४ हजार डॉलरांचे बिल आले. कोणीतरी त्या स्थळावरील एका ध्वनिफितीवर कृत्रिम मागण्यांचा भडिमार केला होता. प्रकरणाचा बोभाटा झाल्यावर कंपनीने बिल माफ केले. आपल्या मंडळाच्या वाट्याला असा बोभाटा येईलच असे नाही. म्हणून खाते उघडताना बँकेच्या कार्डाचा क्रमांक मागणारी जागा आणि न मागणारी जागा ह्यांत दुसरी पत्करावी. ज्याच्याजवळ कार्ड नाही त्याला बिल लावणे अवघड असते.

शेजाऱ्याचा अपराध

मोफत जागेचा पत्ता बहुधा कंपनीच्या नावाखाली असतो : आपले नाव, त्यापुढे ब्लॉगस्पॉट डॉट कॉम, किंवा तत्सम काही. हजारो बिऱ्हाडे एकाच वाड्याच्या नावाने ओळखली जातात. ह्यातून काय घडू शकते, ते २००६च्या जुलैत दिसून आले. दिल्लीच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना मोजकीच स्थळे अडविण्याचा आदेश दिला. त्यांत काही ब्लॉग होते. कित्येक कंपन्यांना एवढे नेमके अडविणे साधले नाही, किंवा त्यांनी तसदी घेतली नाही. त्यांनी ब्लॉगस्पॉट हे सारे नावच बंद केले. ज्यांचा त्या आदेशाशी काडीमात्र संबंध नव्हता अशा असंख्य लेखकांची पाने भारतातील वाचकांना काही दिवस दिसेनाशी झाली. पुढे डिसेंबर २०१४मध्ये त्याच विभागाच्या आदेशान्वये ३२ पत्ते अडविण्यात आले. त्यांत गिटहब आणि इंटरनेट अर्काइव्ह यांसारखी अभ्यासूंची ठिकाणेही होती. यथावकाश ती मोकळी झाली.

अशा वेळी स्वतःचे नाव असते तर पान दिसलेच असते, असे म्हणता येणार नाही. कंपनीचे यंत्रच अडविले गेले तर नावाचा उपाय चालत नाही. परंतु ज्याचे नाव स्वतःचे असते, त्याला फायली दुसऱ्या कंपनीकडे ठेवून नावामागचा आकडी पत्ता बदलता येतो. काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत, वाचक त्याच जुन्या नावाने नव्या जागी पोहोचतात. ज्याचे नाव वाड्याचे आहे, त्याला वाडा सोडताना नावही सोडावे लागते. ग्रंथालयांच्या सूचींत, पाठ्यपुस्तकांच्या तळटीपांत, आप्तेष्टांच्या पत्रांत नोंदलेला पत्ता मग मृत होतो.

म्हणून ह्या साऱ्या मोफत व्यवहारात एकच गोष्ट विकत घ्यावी, आणि ती म्हणजे नाव. वर्षाला काही शे रुपये एवढाच तिचा खर्च आहे. डॉट इन ह्या राष्ट्रीय नावाची व्यवस्था वर उल्लेखिलेली इंटरनेट एक्स्चेंजची संस्थाच पाहते. तिनेच २०१४ साली देवनागरीतील डॉट भारत ही नावेही खुली केली, त्यामुळे मंडळाला संपूर्ण मराठी अक्षरांतील नाव घेता येते. नावही मोफत देणारे होते. फ्रीनॉम नावाची कंपनी डॉट टीके इत्यादी नावे फुकट वाटीत असे. त्या नावांचा भामट्यांनी फार उपयोग केला, २०२३ साली मेटा कंपनीने तिच्यावर दावा लावला, नवी नोंदणी थांबली आणि पुढच्या वर्षी ती हा व्यवसायच सोडून गेली. फुकट जागा सोडून जाता येते; फुकट नाव आपल्याला सोडून जाते.

वाडा पाडला जातो तेव्हा

१९९४ साली निघालेल्या जिओसिटीज ह्या मोफत जागेवर जगभरच्या हौशी लोकांनी लक्षावधी पाने लिहिली होती. १९९९ साली याहूने ती विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. आगाऊ सूचना दिली होती. परंतु ज्यांचे जुने ईमेल पत्ते केव्हाच बंद झाले होते, त्यांना ती पोहोचली कशी असणार? काही स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यातील बराच भाग उतरवून घेतला, म्हणून आज तो पाहावयास मिळतो. हेरोकू ह्या कंपनीची मोफत योजना प्रोग्रामर मंडळींच्या मोठ्या जिव्हाळ्याची होती. ती २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपली. ह्यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. भाडेच न घेणाऱ्या मालकाने बिऱ्हाडकरूस अमुक वर्षे ठेवून घेण्याचे वचन कधी दिलेले नसते.

ह्याहून अधिक स्थळे मात्र कंपनीमुळे नव्हे, तर कार्यकारिणीमुळे हरवतात. खाते कार्यवाहाच्या खासगी ईमेलवर उघडलेले असते. वर्षाने कार्यवाह बदलतो. त्याची बदली बंगळुरास होते. परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नसतो. गूगलने २०२३ साली असा नियम केला आहे की, दोन वर्षे वापरात नसलेले वैयक्तिक खाते त्यातील मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते. मंडळाने स्वतंत्र ईमेल खाते उघडावे, त्याच्या किल्ल्या दोघांकडे असाव्यात आणि कार्यभार सोपविताना हिशेबाच्या वहीबरोबर त्याही सोपवाव्यात. नावाचे नूतनीकरण कोणत्या तारखेला आहे, ती तारीखही वहीत लिहून ठेवावी. मुदत चुकली तर ते नाव कालांतराने कोणीही घेऊ शकतो.

शाळांनी आणखी एक पथ्य पाळावे. विद्यार्थ्यांची नावे, छायाचित्रे, दूरध्वनी क्रमांक स्थळावर घालण्यापूर्वी विचार करावा. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

देवनागरीची परीक्षा

जागा निवडण्यापूर्वी तेथे एक मराठी लेख घालून पाहावा. बहुतेक ठिकाणी अक्षरे नीट दिसतात. अडते ते पत्त्यापाशी. ब्लॉगर लेखाच्या शीर्षकावरून पत्ता तयार करतो, पण देवनागरी अक्षरे त्याला चालत नाहीत. मग मराठी लेखांचे पत्ते ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असे निरर्थक होतात. प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्ता हाताने रोमन अक्षरांत लिहिण्याची सोय तेथे आहे, ती वापरावी. वर्डप्रेस देवनागरी पत्ता ठेवतो खरा, परंतु तो पत्ता उतरवून दुसऱ्यास धाडला की पुष्कळदा प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी टक्क्यांच्या खुणांसह नऊ रोमन चिन्हे उमटतात. ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’ एवढ्या शीर्षकाचा पत्ता दोनशे चिन्हांच्या घरात जातो. जुना मजकूर युनिकोडपूर्व टंकांत केलेला असेल, तर तो प्रथम युनिकोडमध्ये बदलून घ्यावा; नाहीतर वाचकाला अर्थहीन रोमन अक्षरांचा कचरा दिसेल.

आता राहिली सर्वांत महत्त्वाची कसोटी. खाते उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात, दोनतीन लेख असतानाच, सारे काही बाहेर काढून पाहावे. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोहोंतही सर्व लेखांची एक फाइल उतरवून घेण्याची सोय आहे. स्थिर पानांच्या बाबतीत तर मूळ फायली आपल्याच संगणकावर असतात. ती प्रत दुसऱ्या मोफत जागी चढवून स्थळ उभे राहते का, हे एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. ज्या जागेतून मजकूर बाहेर काढता येत नाही, ती कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी. हा प्रयोग करणाऱ्यास एक गोष्ट आढळेल : ब्लॉगरच्या त्या फायलीत लेख आणि अभिप्राय येतात, छायाचित्रे येत नाहीत, त्यांचे फक्त पत्ते येतात, आणि ते पत्ते गूगलच्या यंत्रांचे असतात. म्हणून छायाचित्रांची मूळ प्रत वर्षवार वेगळ्या डिस्कवर ठेवून, तीवर साल लिहून, ती वाचनालयाच्या कपाटात ठेवावी.